रस्त्याकडेची ठिणगी

वणवा म्हटला म्हणजे वीज कोसळून किंवा बांबूवर बांबू घासून पेटलेलें अरण्य आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. साध्या मोटारगाडीच्या चाकानेंही वणवा पेटतो, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानींमनींही नसतें.

ता. २३ जुलै २०१८ रोजीं उत्तर कॅलिफोर्नियांत, व्हिस्कीटाउन तलावाजवळच्या रस्त्यानें मोटारीमागें जोडलेला एक ट्रेलर चालला होता. त्याचा टायर फुटला. चाकाची उघडी पडलेली धातूची कडा डांबरी रस्त्यावर घासत गेली आणि ठिणग्या कडेच्या सुक्या गवतांत उडाल्या. त्या प्रांतीं उन्हाळा कोरडा. आपल्याप्रमाणें जूनमध्यें पाऊस येऊन तेथील डोंगर हिरवे होत नाहींत, उलट जुलैंत गवत वाळून कोळ झालेलें असतें. तीन दिवसांनीं सायंकाळीं ज्वाळांचा एक प्रचंड भोंवरा उठला. त्यांतील वारा ताशीं सुमारें २३० किलोमीटर वेगाचा असावा, असें शास्त्रज्ञांनीं मागाहून ठरविलें. त्याच सुमारास आग सॅक्रामेंटो नदी ओलांडून रेडिंग शहराच्या वस्तींत शिरली. हजाराहून अधिक घरें जळालीं, आठ माणसें प्राणांस मुकलीं, २ लाख २९ हजार एकरांहून अधिक भूमि होरपळली. आग पूर्ण आटोक्यांत येईपर्यंत ऑगस्टची ३० तारीख उजाडली.

यावर कोणी म्हणेल, टायर फुटणें हें दैवाधीन. त्यांत चालकाचा अपराध तो कोणता? हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. त्या चालकाच्या मनांत कांहीं दुष्ट हेतु नव्हता, आणि त्याला दूषण देण्याची माझी इच्छाही नाहीं. परंतु टायरांतील हवा पाहणें, झिजलेला टायर वेळींच बदलणें, हें तर दैवाधीन नाहीं ना? ट्रेलरची साखळी सैल सुटून रस्त्यावर फरफटत गेली तरी अशाच ठिणग्या उडतात. मागच्या आसनावर बसलेल्या मुलाच्या कानीं तिचा खणखणाट वडिलांच्या आधीं पडतो. त्यानें तो निःसंकोच सांगावा, आणि वडिलांनीं न रागावतां गाडी थांबवावी. मात्र ती सुक्या गवतावर उभी करूं नये! मोटारीच्या पोटाखालीं धूर शुद्ध करणारें जें यंत्र असतें तें इतकें तापतें कीं, त्याच्या स्पर्शानें गवत पेट घेतें.

तथापि सर्व भार चालकांवर टाकून रस्तेखात्यानें स्वस्थ बसावें, हें मला मान्य नाहीं. हजारों गाड्यांपैकीं एखादीचा टायर फुटणारच. त्या वेळीं ठिणगी गवतावर पडावी कीं उघड्या मातीवर, हें ठरविणें रस्ता राखणाऱ्यांच्या हातीं आहे. याकरितां उन्हाळ्यापूर्वींच कडेचें गवत कापून न्यावें. कापणी लांबलीच, तर ती सकाळीं दहाच्या आंत, दंवाचा ओलावा आहे तोंवर उरकावी. कारण यंत्राचें पातें दगडावर आपटलें कीं त्याचीही ठिणगी उडते.