खेळ आपला, यंत्र त्यांचे

नव्वदच्या दशकात नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती ज्यांनी मुलांसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला, त्यांना त्यातली कॅसेट आठवत असेल. चालेनाशी झाली की मुले तिच्यात फुंकर मारीत. ती यंत्रे बहुतांशी निन्टेन्डोच्या १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती. अस्सल माल सामान्यांच्या आवाक्यात नव्हता. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आपले यंत्र भारतात आणले, तेव्हा त्याची किंमत अठरा हजार रुपये होती! नकलेचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल: एकाच्या घरची कॅसेट शेजाऱ्याच्या यंत्रावरही चालत असे.

आजचा अस्सल धंदा याच्या नेमका उलट चालतो. यंत्र थोड्या नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि कमाई खेळांवर करायची. म्हणूनच ‘हा खेळ फक्त आमच्याच यंत्रावर’ असे करार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरात पोचला. गंमत अशी, की स्विचची त्या वेळी भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. पुण्यात शिजलेले ताट पुणेकरांपुढेच उशिरा आले.

ही झाली दोन महिन्यांची गोष्ट. यंत्र म्हातारे झाले म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी निघाला. त्या यंत्राचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले. आजच्या प्लेस्टेशन ५ मध्ये ती डिस्क घातली तर चालणार नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले.

हे अशक्य म्हणून घडते काय? मुळीच नाही. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये जुन्या यंत्राची चिप बसवलेली होती; खर्च वाचवण्यासाठी ती पुढे काढली गेली. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून शेकडो जुने खेळ नव्या एक्सबॉक्सवर चालते केले. म्हणजे अडचण तंत्राची कमी, हिशेबाची जास्त. जुना खेळ आपोआप चालला, तर तोच रंगरंगोटी करून पुन्हा कसा विकणार?

मी बँकेत होतो. खातेवह्या जाऊन संगणक आले, मग कोअर बँकिंग आले. दर वेळी जुनी शिल्लक नव्या यंत्रणेत बिनचूक उतरवणे हे बँकेचे काम होते. ‘यंत्र बदलले, ठेव पुन्हा भरा’ असे खातेदाराला सांगितले असते, तर शाखेवर मोर्चा आला असता. खेळांच्या गिऱ्हाइकाला मात्र हेच सांगितले जाते आणि तो ऐकून घेतो.

आता तर डिस्कही पुरेशी नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा डिस्क हातात असलेल्यांचाही खेळ संपला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून, असा माल विकताना तो मालकीचा नसून केवळ परवाना आहे, हे स्पष्ट सांगण्याची सक्ती झाली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संरक्षणासाठी प्रत काढून ठेवण्याची मुभा आहे. पण ती चालवायला यंत्रच नसेल, तर तिचा उपयोग काय?

कादंबरीकार म्हणून कॉपीराइटचा लाभ मीही घेतो. खेळ फुकट वाटा, असे मी म्हणणार नाही. पण विकलेली कादंबरी वाचकाची होते. प्रकाशक बुडाला तरी ती कपाटातून नाहीशी होत नाही. किमान एवढी हमी तरी खेळाला मिळावी.

तोवर पालकांनी मुलांच्या हट्टापुढे मान तुकवण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. घरातल्या जुन्या डिस्क यात चालतील का? यात डिस्क घालायची सोय आहे का? इंटरनेट नसताना खेळ चालेल का? उत्तरे मिळाल्यावरच खिशात हात घालावा.