नर्सिंगची वाट अकरावीतच फुटते

जून लागला की आमच्याकडे दोनच प्रश्न येतात. पेरणी कधी करू आन् बियाणं कोणतं घेऊ. गेल्या जूनमध्ये मात्र पूर्णा तालुक्यातले एक शेतकरी सोयाबीनची बॅग पायाशी ठेवून भलताच प्रश्न घेऊन बसले. "साहेब, थोरलीला नर्सिंगच्या डिग्रीला घालायचंय. बारावीला पंच्याहत्तर टक्के पडलेत. कुठं नंबर लागंल?" मी शाखा विचारली. म्हणाले, "आर्ट. गावाजवळच्या कॉलेजात तेवढंच हाय."

आता काय उत्तर द्यावं? पंच्याहत्तर काय, पंच्याण्णव टक्के असते तरी त्या मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत नाही.

वाचकहो, ज्यांच्या घरी दहावीचं लेकरू आहे त्यांनी हे नीट वाचावं. नियम इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय पाहिजेत. गुण किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण पाहिजे. सायन्स घेतलं, पण गणित ठेवून जीवशास्त्र सोडलं, तरी दार बंदच. आणि ही डिग्री फक्त मुलींची नाही, मुलांनाही करता येते.

त्यावर सीईटी आहे. २०२३ पासून आपल्या राज्यात बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी होते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, असे १०० गुण. ती चुकली की सरकारी प्रवेश फेरीतून नाव गेलं. २०२४ च्या जुलैत शासनानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात फीमाफी दिली, ती या फेरीतून आलेल्यांनाच. मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात तर फी खिशातून.

आपल्याकडे समज असा, की नर्स म्हणजे सुई टोचायची, सलाईन लावायची. त्याला एवढं सायन्स कामून पाहिजे? मलाही आधी तसंच वाटायचं. मी दहावीनंतर कृषी पदविका केलेला माणूस, दवाखान्याचा संबंध आजारापुरता. नंतर एका नातेवाइकाच्या मुलीचा अभ्यासक्रम चाळला तेव्हा डोळे उघडले. चार वर्षं, आठ सेमिस्टर. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजी. पुढं जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र. तिसऱ्या वर्षी लहान मुलांची आणि मनोरुग्णांची शुश्रूषा, सार्वजनिक आरोग्य, बाळंतपण. शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप. पेपर इंग्रजीत लिहायचे. औषधशास्त्रात डोस मोजायला शिकवतात. आपण पंपाला किती मिली टाकायचं ते चुकलो तर पीक करपतं, एक हंगाम जातो. तिथं खाटेवर माणूस असतो. म्हणून हा नियम जाचक वाटला तरी मला तो चुकीचा वाटत नाही.

चुकतंय ते वेगळंच. हा नियम दहावीच्या वर्गात कुणी सांगत नाही. प्रयोगशाळेचा खर्च नको म्हणून खेड्यापाड्यात कॉलेज निघतं ते आर्टचं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, पण अर्ज भरतो कोण? नेट कॅफेवाला. तो विचारतो, "जवळचं कोणतं टाकू?" बाप म्हणतो, "टाक, जे जवळ हाय ते." पोरीच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय त्या दोन मिनिटांत होतो. परभणीत २०२३ ला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. दवाखाना वाढला की नर्स लागणारच. त्या जागांवर आपल्या नऊ तालुक्यांतल्या मुली दिसाव्यात असं वाटत असेल, तर प्रत्येक हायस्कूलनं जानेवारीत एक दिवस दहावीच्या पालकांना बोलावून हे विषय फळ्यावर लिहून दाखवावेत. खर्च खडूचा.

आणि लांब पडतं म्हणून सायन्स नको, हेही तपासून घ्या. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. गाडी वेळेवर येते का, हा प्रश्न आहेच, पण त्यासाठी गावानं आगाराला अर्ज द्यावा, मुलीची शाखा बदलू नये.

आर्टवाल्या मुलीला सगळंच बंद आहे असं नाही. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा कोणत्याही शाखेतून करता येतो, बारावीला आणि इंग्रजीत ४० टक्के लागतात. मग कौन्सिलकडं नोंदणी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणजे चारच्या जागी पाच वर्षं, आणि प्रवेशाची धडपड दोनदा. त्या शेतकऱ्याला मी हेच सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "दोन दिवस झाले, पोरगी रडायलीय. तिला कोणी तरी आधीच सांगितलंय वाटतं."

थोरली आता जीएनएमला आहे. यंदा धाकटी दहावी झाली. परवा ते पुन्हा आले, बियाण्याचं काही बोललेच नाहीत. "साहेब, हिला गणित ठेवू का जीवशास्त्र?" म्हटलं, झेपत असेल तर दोन्ही ठेवा, नसेल तर जीवशास्त्र. सोमवारी लेकीला घेऊन अर्ज भरायला परभणीला जाणार आहेत. नेट कॅफेत स्वतः बाजूला बसतो म्हणाले.