घरच्या कष्टाची मजुरी कोण लिहिणार?



मागल्या हंगामात अर्थशास्त्र शिकणारी दोन मुलं आमच्या गटात उसाच्या खर्चाची माहिती घ्यायला आली होती. बांधावर बसून त्यांनी एका सभासदाला विचारले, “पाणी कोण पाजतं?” “पोरगं.” “खुरपणी?” “घरच्या बाया.” “त्यांची मजुरी किती धरू?” “घरच्यांची कसली मजुरी? लिहा तुमच्या मनाला येईल तो आकडा!” सगळे हसले. आम्हीही हसलो. आज वाटते, हसायला नको होते.

अर्थशास्त्र म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांचे काम, असे आपण समजतो. पुण्यात 1930 साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करून ती 1940 साली छापली. पुढे हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरा कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्याचा हिशेब मांडणारा माणूस शेतकऱ्याच्या कारखान्यात बसला. सहकार असा उभा राहिला आहे, नुसत्या भाषणांनी नव्हे.

आता दराचे बघा. 2009-10 च्या हंगामापासून उसाला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आहे. त्याची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. उत्पादन खर्चाचे आकडे निवडक शेतकऱ्यांकडून गोळा होतात. आपल्या राज्यात ते काम राहुरीचे कृषी विद्यापीठ करीत आले आहे. घरच्या माणसांच्या श्रमाची किंमतही त्या हिशेबात धरता येते. पण सांगणाऱ्यानेच “घरच्यांची कसली मजुरी” म्हटले, तर ती कागदावर येणार कुठून? त्या दोन मुलांच्या फॉर्मवर दर ठरत नाही, हे खरे. पण उद्या कोणी दराविषयी बोलायला उभा राहिला, तर त्याच्या हातात असलेच आकडे असणार.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. लागणीपासून खोडवा तुटेपर्यंत एक साधी वही ठेवा. बेणे, खते, विजेचे बिल, पाणीपट्टी लिहा. आणि घरचा माणूस किती दिवस राबला, तेही लिहा. विचारायला आलेल्याला खरे सांगा. फुगवू नका, लपवू नका. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की खराही कोणी मानत नाही.

संस्थांनाही एक सांगणे आहे. तुम्ही आमच्या बांधावरून आकडे नेता, त्यातून काय निघाले ते मराठीत लिहून परत आणा. आमच्या गट सभेत वाचून दाखवा. चुकले असेल तर आमचे सभासद तिथल्या तिथे सांगतील.

वही कशी लिहायची हे फील्डमनला विचारा. तो आला नाही, तर आम्हाला शेतकी ऑफिसात येऊन जाब विचारा.

— ऊस विकास अधिकारी