माणसं वाढली, खोल्या तेवढ्याच

लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ नावाचं गाव आहे. तिथल्या एका जीपी दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. सकाळी आठला फोन सुरू होतात, साडेआठला त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपतात आणि मग दिवसभर मी लोकांना 'नाही' म्हणण्याचा पगार घेते. इथली सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस. 'बाहेरच्यांनी एनएचएस बुडवली' हे मला काउंटरवर गोरे आजोबा ऐकवतात. इथल्या गणपतीत मोदक खाता खाता आपली मराठी माणसंही तेच ऐकवतात. दादरला लोकलमध्ये चढलेला माणूस घाटकोपरला दारात हात आडवा घालून उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार.

बुडवली म्हणणाऱ्यांनी रांगेत कोण उभं आहे ते एकदा बघावं. इंग्लंडमध्ये २०१० साली इस्पितळातल्या उपचारांसाठी ताटकळणाऱ्यांची यादी साधारण २५ लाखांची होती. कोविडच्या तोंडावर ती ४५ लाखांवर गेली आणि सप्टेंबर २०२३मध्ये ७७ लाखांवर. या यादीत खुबे, गुडघे, मोतीबिंदू यांची गर्दी असते. ही म्हातारपणाची दुखणी. माझ्याकडे नव्यानं नाव नोंदवायला येतात ती गोदामात राबणारी पोरं आणि आयटीतली जोडपी. त्यातली निम्मी पोरं नाव घातल्यावर वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत. अपवाद बाळंतपणाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे ३० टक्के बाळांच्या आया परदेशात जन्मलेल्या होत्या. प्रसूती विभागावर त्याचा ताण येतो, हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

आणि इथेच माझं दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही पटत नाही. स्थलांतरितांच्या बाजूनं बोलणारे भले लोक 'ताणबीण काही नाही' म्हणतात, ते बहुधा देशाची सरासरी बघून. सरासरी माझ्या काउंटरवर येत नाही. स्लाऊची लोकसंख्या २०११ला एक लाख ४० हजार होती, २०२१ला एक लाख ५८ हजार झाली. आमच्या दवाखान्याच्या खोल्या होत्या तेवढ्याच आहेत. नोंदलेल्या माणशी सरकार पैसे देतं, तक्रार त्याबद्दल नाही. पण त्या पैशातून भिंत मागे सरकत नाही आणि डॉक्टर तर जाहिरात देऊनही मिळत नाही.

परवा एक पश्तो बोलणारी बाई आली. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, आईच्या अंगावरून जाण्याची तक्रार डॉक्टरांना सांगायला. पोरीच्या तोंडून हे वदवून घेणं बरोबर नाही, म्हणून फोनवरचा दुभाषा जोडायचा. तो येईपर्यंत अपॉइंटमेंटच्या दहापैकी चार मिनिटं गेली. पुढे प्रत्येक वाक्य दोनदा. त्यांच्यामागचे सगळे उशिरा आत गेले आणि राग कुणावर काढायचा, हे बाहेर बसलेल्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

आता पैशाचं. व्हिसावर येणाऱ्यांकडून २०१५पासून आरोग्य अधिभार घेतात. तेव्हा तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४पासून १,०३५ आहे, मुलांना ७७६. आपलं चौकोनी कुटुंब तीन वर्षांच्या व्हिसावर आलं, तर एकही गोळी न घेता १०,८६६ पौंड आधीच मोजतं, शिवाय पगारातून कर कापला जातो तो वेगळा. हे पैसे आरोग्य खात्याच्या मोठ्या तिजोरीत पडतात. माणसं नेमकी कोणत्या गावात उतरली, याच्याशी त्यांचा थेट संबंध राहत नाही.

सरकारला मात्र दार लावण्याचा उपाय सोपा वाटतो. जुलै २०२५पासून केअर होममध्ये किंवा घरी जाऊन सेवेचं काम करायला परदेशातून नवी माणसं आणणं बंद केलं. बरी झालेली आजी घरी न्यायला, तिला आंघोळ घालायला कुणी नसेल तर ती इस्पितळातच राहते, तिची खाट अडते आणि बाहेर रुग्णवाहिका पेशंटसकट उभी राहते. एनएचएसमधल्या दर पाच कर्मचाऱ्यांतला साधारण एक ब्रिटिश नागरिक नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मार्ग माहीत नाही असं नाही. २००९मध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं व्हिसावर ५० पौंड जादा घेऊन ते स्थलांतरितांची गर्दी झालेल्या भागांसाठी राखून ठेवले होते. पुढच्याच वर्षी नव्या सरकारनं तो निधी मोडला. २०१६मध्ये दुसऱ्या नावानं तसाच एक आला, तोही काही वर्षांत आटोपला. अधिभार तेवढा पाचपट झाला. त्यातला ठरावीक वाटा स्लाऊ, लेस्टर, इंग्लंडमधलंच बोस्टन अशा ठिकाणच्या दवाखान्यांना द्या: दुभाष्यासाठी, वीस मिनिटांच्या अपॉइंटमेंटसाठी, दोन जादा खोल्यांसाठी. आणि गणपतीत माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी पुढच्या वेळी खासदाराला पत्र लिहावं. मजकूर मी देते.