उत्प्रेरक क्रियेत भाग घेत नाही?



विज्ञान प्रदर्शनात यंदा आपल्या मुलींनी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीची प्रतिकृती मांडली होती. इंधनघटात प्लॅटिनम कशाला, असे मी विचारताच पाठ केलेले उत्तर आले, "उत्प्रेरक म्हणून, सर. तो क्रियेत भाग घेत नाही." मागून एकीने हळूच विचारले, "मग शास्त्रज्ञ तो सुधारायला का बघतात?"

मी चपापलो. हीच व्याख्या मी बी.एस्सी.ला हिंदीत घोकली होती आणि पुढे कित्येक वर्षे तिला पूर्ण गुण देत आलो. आता ती बदलायला हवी, असे माझे मत आहे.

उत्प्रेरक भाग घेतो, चांगलाच घेतो. प्लॅटिनमवर हायड्रोजनचे रेणू चटकन फुटतात, तिथे फारशी अडचण नाही. अडचण आहे पलीकडच्या बाजूला, ऑक्सिजनपाशी. तिथे धातूला ऑक्सिजन पकडावाही लागतो आणि पाणी तयार होताना सोडावाही लागतो. शुद्ध प्लॅटिनमची पकड जरा जास्तच घट्ट. त्यात निकेल किंवा कोबाल्ट मिसळले की ती सैल होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवून दिले, की तीन भाग प्लॅटिनम व एक भाग निकेल असलेल्या स्फटिकाचा एक विशिष्ट पृष्ठभाग तशाच शुद्ध प्लॅटिनमच्या दहापट काम करतो. पण तो प्रयोगशाळेतला एकसंध स्फटिक! गाडीत कार्बनच्या भुकटीवर बसवलेले काही नॅनोमीटरचे कण असतात. तिथल्या आम्लात निकेल हळूहळू निघून जाते, प्लॅटिनमही थोडे थोडे विरघळते, लहान कण एकत्र येऊन मोठे होतात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अंश असेल, तर तो धातूवर ठाण मांडून बसतो. टोयोटाने 2014 मध्ये आणलेल्या मिराई गाडीत प्लॅटिनम-कोबाल्टचे मिश्रण आहे.

केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजन अभियानासाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून मुलांच्या निबंधांत हायड्रोजन हमखास असतो, प्लॅटिनम नसतो. जगातले बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येते, तेव्हा ते कमी लागावे आणि जास्त टिकावे, हीच तर खरी धडपड आहे. 'भाग घेत नाही' असे शिकलेल्या मुलाला ही धडपड दिसणार तरी कशी?

बोर्डात गुण कापले गेले तर, अशी शंका आमच्या शिक्षिकांनी काढली. ती रास्त आहे. पण "भाग घेतो, तरी शेवटी मूळ रूपात परत मिळतो" असे लिहिणाऱ्याचे गुण कापायला कारण नाही. शाळेच्या घटक चाचणीत मात्र यापुढे जुन्या व्याख्येला अर्धाच गुण मिळेल. प्रत्यक्ष घटात तो मूळ रूपात का टिकत नाही, हे त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने येत्या शनिवारी प्रार्थनेनंतर सांगायचे कबूल केले आहे.