जुनी लुगडी आणि चांदीचा भाव

2025 साली चांदीने किलोमागे लाख रुपयांचा टप्पा मागे टाकला. तेव्हा जुन्या जरीकडे लोकांची नजर वळावी हे साहजिकच होते. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतील पेट्यांत पैठण्या आहेत, पूर्वी या संस्थानातच असलेल्या चंदेरीची लुगडी आहेत, दरबारी बिदागीत मिळालेले शेले आहेत. खऱ्या जरीत रेशमी दोऱ्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते. वस्त्र जाळून ती चांदी काढणारा वजनावर दाम देतो. बोहारीण तर पातेल्यावर सौदा मिटवी. दोन्ही व्यवहारांत विणकराच्या हाताचे मोल शून्य!

तिसरा मार्ग अडतीचा. वस्त्र दुकानात विक्रीस ठेवावयाचे; विकले गेले तर अडत वजा जाता रक्कम आपली, न विकले गेले तर वस्त्र परत. विक्री होईपर्यंत मालकी आपलीच राहते. 1872 च्या करार कायद्यान्वये अडत्याने मागताच हिशेब दिला पाहिजे. तथापि भिडेखातर तोंडी बोलीवर विसंबू नये. किमान किंमत, अडतीचा दर, मुदत आणि वस्त्र खराब झाल्यास भरपाई, एवढे लिहून घ्यावे.

घेणाऱ्यानेही पदर उलटून पाहावा. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मागे सुटे दोरे लोंबत असतील तर सावध व्हावे. घडीवर रेशीम विरले आहे काय, तेही उजेडात तपासावे.

आजीचे लुगडे दुसऱ्या घरच्या सुनेने मंगळागौरीला नेसले, तर त्यात कमीपणा कसला? भट्टीत गेलेले लुगडे मात्र कोणालाच नेसता येत नाही.