श्वास मोजा, डाग देऊ नका

तान्हे बाळ झोपेत घुरघुरते, पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेते. हे बहुधा स्वाभाविक असते. बाळ शांत असताना पोटाकडे पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोनदा मोजूनही 60 वा अधिक भरले, छाती आत ओढली गेली, बाळ कण्हले, निळसर पडले किंवा पिईना, तर तडक दवाखाना गाठावा, इंदूरात एम. वाय. रुग्णालय आहे. 2023 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल जिल्ह्यात, न्यूमोनिया झालेल्या बाळाला तापल्या सळईचे डाग दिले, ते दगावले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी मोजणी न येणाऱ्या सुईणींना मण्यांचे साधे साधन देऊन श्वास मोजायला शिकवले. सोयाबीनची पोती बिनचूक मोजणाऱ्या आपणांस हे जड जाऊ नये, असे आम्हांस वाटते.